कुत्र्याला कच्चं मांस: रीलमधला डाएट जालन्यात आणताना काय काय बदलतं?

मोबाईलवर एखादा कुत्र्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की पुढचे दहा व्हिडिओ कुत्र्यांचेच येतात. त्यात हमखास एक असतो. स्टीलचं चकचकीत भांडं, त्यात कोंबडीची कच्ची मान, काळजाचा तुकडा, कच्चं अंडं, वर थोडं गाजर. समोर जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर शहाण्यासारखा बसलेला. खाली लिहिलेलं असतं, ‘कुत्रा हा लांडग्याचा वंशज. त्याला भाकरी नाही, मांस द्या.’

याला ‘रॉ फीडिंग’ म्हणतात. मेलबर्न, लंडन आणि लॉस एंजेलिसमधून निघालेला हा ट्रेंड रीलमधून भोकरदन, अंबड, परतूरच्या घरांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. इथे त्यासाठी वेगळं काही विकतही आणावं लागत नाही. चिकनच्या दुकानात मुंड्या, पाय, आतडी स्वस्तात नाहीतर फुकटात मिळतात. गावात बोकड कापला की उरलेलं कुत्र्यालाच जातं.

म्हणजे जालन्यात कच्चं मांस कुत्र्याच्या पोटात आधीही जात होतंच. आता फरक एवढाच पडलाय की त्याला ‘आरोग्यदायी डाएट’ असं नाव मिळालंय. खरा प्रश्न इथूनच सुरू होतो.

ही कल्पना आली कुठून?

कुत्र्यासाठी वेगळं तयार खाणं विकण्याचा धंदा तसा दीडशे वर्षांचा. जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने १८६० च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली. पुढे त्यातून कोरड्या गोळ्यांचा, म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘पेडिग्री’ म्हणतो तशा खाद्याचा, जगभर पसरलेला उद्योग उभा राहिला.

या उद्योगाला आव्हान दिलं इयान बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने. १९९३ मध्ये त्यांचं ‘गिव्ह युवर डॉग अ बोन’ हे पुस्तक आलं. कारखान्यातलं खाणं सोडा; कच्ची हाडं, मांस, अवयव आणि थोड्या भाज्या द्या, असा त्यांचा सल्ला होता. याच पद्धतीला पुढे ‘बार्फ’ हे नाव पडलं.

बार्फ देणारे लोक फायदे सांगतात ते असे: केस चमकतात, विष्ठा कमी आणि घट्ट होते, दात स्वच्छ राहतात, खाज कमी होते. हे सगळंच खोटं आहे असं नाही. कच्चं मांस कुत्र्याला चांगलं पचतं, त्यामुळे विष्ठा कमी होते. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठाच्या अभ्यासांत लहानपणी कच्चं खाल्लेल्या कुत्र्यांमध्ये त्वचेच्या ॲलर्जीच्या तक्रारी कमी दिसल्या. पण ही माहिती मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीतून आली होती. कच्चं खाल्लं ‘म्हणून’ ॲलर्जी कमी झाली, असं त्यातून सिद्ध होत नाही.

जगभरातल्या लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची संघटना ‘डब्ल्यूएसएव्हीए’ हिची भूमिका स्पष्ट आहे. समतोल तयार खाद्य किंवा समतोल शिजवलेलं खाणं यांपेक्षा कच्चं मांस सरस असल्याचा ठोस पुरावा नाही. धोक्यांचे पुरावे मात्र आहेत. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्येच कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली.

‘कुत्रा म्हणजे लांडगाच’ हे कितपत खरं?

वंश लांडग्याचा हे खरं. पण माणसाच्या उंबऱ्यावर किमान पंधरा हजार वर्षं काढल्यावर पोटही बदलतं.

स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पिष्ट पदार्थ पचवायला जे एन्झाइम लागतं, त्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यांत मात्र ४ पासून ३० पर्यंत प्रती सापडल्या. सोप्या भाषेत सांगायचं तर कुत्रा माणसाच्या उष्ट्यावर जगायला शिकला आणि भाकरी, भात पचवायची ताकद त्याच्या अंगात आली. मराठवाड्यात पिढ्यानपिढ्या शेतावरचा कुत्रा ज्वारीच्या भाकरीवर आणि ताकावर जगला, त्यामागे हेच कारण आहे.

म्हणून नुसती दूध-भाकरी पुरेशी आहे असंही नाही. त्यात प्रथिनं कमी पडतात आणि वाढत्या पिल्लाला लागणारे कितीतरी घटक नसतात. तेव्हा ‘भाकरी की कच्चं मांस’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो. मांस हवंच. ते कच्चं हवं का, एवढंच ठरवायचं आहे.

तिकडचं मांस आणि इकडचं मांस

रीलमध्ये जे भांडं दिसतं त्यातलं मांस बहुतेकदा पाळीव प्राण्यांसाठीच तयार केलेलं, गोठवलेलं, पाकीटबंद असतं. काही कंपन्या ते जास्त दाबाखालून काढून जंतू कमी करतात. एवढं करूनही काय निघतं ते बघा. अमेरिकेच्या ‘एफडीए’ने २०१० ते २०१२ या काळात प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. त्यातल्या १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया हे जंतू सापडले.

आता जालन्यातली साखळी डोळ्यासमोर आणा. दुकानात समोरच कापलेली कोंबडी. त्याच ओट्यावर, त्याच सुरीने साफ केलेली आतडी. काळ्या पिशवीतून घरी येईपर्यंत गेलेला वेळ आणि उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारा पारा. भारताच्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून जनावरांचं खाद्य वगळलेलं आहे. त्यामुळे ‘कुत्र्यासाठी द्या’ म्हणून मागितलेल्या पिशवीत काय आहे, हे त्या कायद्याखाली कुणी तपासत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं. ‘कुत्र्याच्या पोटातलं ॲसिड जबरदस्त असतं, त्याला काही होत नाही.’ अनेकदा त्याला खरंच काही होत नाही. अडचण तीच आहे. कॅनडातल्या एका प्रयोगात १६ कुत्र्यांना साल्मोनेला असलेलं कच्चं खाद्य दिलं. एकही आजारी पडला नाही, पण ७ कुत्र्यांच्या विष्ठेतून पुढचे काही दिवस जंतू बाहेर पडत राहिले. कुत्रा ठणठणीत असतो. तो अंगण चाटतो, स्वतःला चाटतो आणि मग लेकराचं तोंड चाटतो.

ब्रिटनमध्ये २०१७ साली ई. कोलाय ओ-१५७ या घातक जंतूची चार जणांना लागण झाली आणि त्यातली एक व्यक्ती दगावली. तपासात धागा कुत्र्यांच्या कच्च्या खाद्यापर्यंत गेला. ब्रिस्टल विद्यापीठाने ६०० कुत्र्यांचा अभ्यास केला, तेव्हा कच्चं मांस खाणाऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेत महत्त्वाच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे ई. कोलाय जास्त आढळले.

पुण्याचा जीबीएस आठवतोय?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण अचानक वाढले. हातापायातली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. तपासलेल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला. पुण्यातला तो उद्रेक कुत्र्यांमुळे झाला नव्हता. त्यात मुख्य संशय दूषित पाण्यावर होता. पण हा जंतू जगभर कोंबडीच्या कच्च्या मांसात सर्रास आढळतो.

कुत्र्यांनाही जीबीएससारखाच आजार होतो. आधी मागचे पाय लुळे पडतात, मग पुढचे, भुंकण्याचा आवाज बदलतो, आणि श्वासाचे स्नायू बंद पडले तर कुत्रा दगावतो. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये अशा कुत्र्यांची निरोगी कुत्र्यांशी तुलना केली. कच्ची कोंबडी खाणाऱ्या कुत्र्यांमध्ये या आजाराचा धोका ७० पटींहून जास्त निघाला आणि संशयित म्हणून पुढे आला तोच कॅम्पिलोबॅक्टर. तिथे कुत्र्यांना खायला देतात ती मुख्यतः कोंबडीची मान. रीलमध्ये पिल्लाला ‘पहिलं हाड’ म्हणून हीच मान दाखवतात.

आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे धोका ७० पट झाला तरी बहुतेक कुत्र्यांना तो होणार नाही. पण जो धोका मांस उकळून टाळता येतो, तो घ्यायचा कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

बर्ड फ्लू: गोरेवाड्यातून मिळालेला इशारा

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अहवालातून कारण समोर आलं, एच-५-एन-१, म्हणजेच बर्ड फ्लू. लागण मांसातून झाली असावी असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, पाळीव मांजरांमध्येही हा विषाणू आढळला. त्याच सुमारास अमेरिकेत ओरेगॉन राज्यात कच्चं पाकीटबंद खाद्य खाल्लेलं घरातलं मांजर याच आजाराने गेलं आणि कंपनीला माल परत घ्यावा लागला.

कुत्र्याला मांजराइतका धोका नाही, पण तो शून्यही नाही. थायलंडमध्ये २००४ मध्ये बाधित बदक खाल्लेला एक कुत्रा दगावल्याची नोंद आहे. कॅनडात २०२३ मध्ये रानहंस चावलेला पाळीव कुत्रा गेला.

जालन्याला हा विषय लांबचा नाही. जानेवारी २०२१ मध्ये शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या होत्या आणि बर्ड फ्लूचं निदान झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये मेलेल्या कावळ्यांमध्ये हाच विषाणू निघाला. अशा वेळी मेलेली कोंबडी ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून कुत्र्यापुढे टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी काटकसर ठरू शकते.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात दुर्लक्षित धोका

जंतू आणि विषाणूंच्या बातम्या होतात. एका जंताची मात्र कधीच होत नाही, आणि खेड्यातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध सगळ्यात जवळचा आहे.

त्या आजाराचं नाव हायडॅटिड. जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित आजारांच्या यादीत तो आहे. त्याचं चक्र असं चालतं:

• शेळी, मेंढी किंवा गुराच्या काळजात आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेले फोड असतात. त्यात जंताच्या अळ्या असतात.
• जनावर कापताना फोड असलेला भाग खाण्यालायक नाही म्हणून बाजूला काढतात आणि कुत्र्याला टाकतात.
• कुत्र्याच्या आतड्यात त्या अळ्यांचे जंत होतात. लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर. ते डोळ्याला दिसत नाहीत आणि कुत्र्याला काही त्रासही होत नाही.
• साधारण दीड महिन्यानंतर त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती माती, पाणी, भाजी आणि कुत्र्याच्या केसांवर जातात.
• तीच अंडी चरणाऱ्या शेळ्यामेंढ्यांच्या पोटात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. न धुतलेल्या हाताने जेवणाऱ्या माणसाच्या पोटातही जातात.

माणसाच्या काळजात किंवा फुफ्फुसात मग फोड वाढत राहतो. वर्षानुवर्षं कळत नाही. कळतं तेव्हा तो लिंबापासून नारळाएवढाही असू शकतो. शस्त्रक्रिया लागते, आणि फोड आतच फुटला तर जिवावर बेतू शकतं.

कंदुरीचा कार्यक्रम, जत्रेतले बोकड, रानात मेलेली मेंढी, मेंढपाळांच्या कळपाबरोबर फिरणारे कुत्रे. हे चक्र चालायला जे जे लागतं ते सगळं मराठवाड्याच्या रोजच्या जगण्यात आहे. आणि नेमकं काळीज, फुफ्फुस हेच अवयव रीलमध्ये ‘सुपरफूड’ म्हणून दाखवले जातात.

गंमत म्हणजे हे चक्र तोडायला फार काही लागत नाही. फोड दिसलेला भाग कुत्र्याला न देता खोल पुरणं किंवा जाळणं. बाकीचे अवयव चांगले उकळूनच देणं. आणि कुत्र्याला वेळच्या वेळी जंतनाशक देणं. त्यातही पिल्लांना सुरुवातीला देतात ते साधं औषध या जंतावर चालत नाही. त्याला प्राझिक्वान्टेल हा घटक असलेलं औषध लागतं. जिथे हा आजार पसरलेला आहे तिथे वर्षातून किमान चार वेळा ते द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पिल्लांच्या बाबतीत गणित आणखी बिघडतं

मोठा कुत्रा चुकीचं खाणं काही दिवस सोसतो. पिल्लू सोसत नाही.

नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. साधारण एकाला पंधरा ते वीस. वाढत्या पिल्लाला मात्र दोन्ही जवळपास सारखे, किंबहुना कॅल्शियम थोडं जास्त लागतं. मांसातून कॅल्शियम मिळालं नाही की शरीर ते हाडांतून काढून घेतं. पिल्लू लंगडायला लागतं, पाय वाकतात, साध्या उडीने हाड मोडतं. ‘रोज पाव किलो चिकन खातो तरी असं कसं?’ याचं उत्तर बऱ्याचदा ‘फक्त चिकन खातो म्हणूनच’ हे असतं.

मग लोक उलट टोकाला जातात आणि कॅल्शियमचं टॉनिक ओततात. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांना तेही घातक. लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही, आणि मग सांधे व हाडं वेडीवाकडी वाढतात. रोज भरपूर काळीज दिलं तर ‘अ’ जीवनसत्त्व जास्त होतं, त्याचाही परिणाम हाडांवरच.

हाडांबद्दल दोन गैरसमज आहेत. शिजवलेलं हाड मऊ झालं म्हणून चालतं, हा पहिला. खरं तर शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन त्याचे टोकदार तुकडे पडतात, म्हणून ते कधीच द्यायचं नाही. कच्चं हाड पूर्ण सुरक्षित असतं, हा दुसरा. त्यानेही दात तुटतात, घशात किंवा आतड्यात अडकतं.

मग खायला घालायचं काय?

पिल्लू घरी असेल तर पहिला पर्याय साधा आहे: पाकिटावर ‘पपी’ लिहिलेलं, वयाप्रमाणे आणि जातीच्या आकाराप्रमाणे समतोल खाद्य. ते परवडत नसेल किंवा घरचंच द्यायचं असेल, तर पूर्ण शिजवलेलं बिनहाडाचं चिकन, उकडलेलं अंडं, भात किंवा मऊ भाकरी, थोडा लाल भोपळा किंवा गाजर आणि पचत असेल तर दही. यात कॅल्शियम आणि इतर घटक किती घालायचे, हे वजन सांगून पशुवैद्याकडूनच ठरवून घ्यायचं.

लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत:

• मांस आतपर्यंत शिजलं पाहिजे. नुसतं फ्रीजरमध्ये ठेवून भागत नाही. बराच काळ गोठवल्यावर परजीवींच्या अळ्या मरतात, पण साल्मोनेलासारखे जंतू टिकतात.
• आपल्या रश्श्यातलं उरलेलं मटण नको. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तपेशींना घातक आहेत.
• द्राक्षं आणि बेदाणे नकोत. कडवंचीसारखी द्राक्षांची गावं असलेल्या जिल्ह्यात हे मुद्दाम सांगावं लागतं. थोड्या द्राक्षांनीही कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात.
• मेलेलं जनावर, पडलेला गर्भ किंवा गाय-म्हशीची वार कुत्र्याच्या तोंडी लागू नये. ब्रुसेला यातून पसरतो.
• कच्चं मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि भांडं साबणाने धुवायचं. कुत्र्याचं भांडं घरच्या भांड्यांत घासायचं नाही.

अडचण आली तर पशुसंवर्धन विभागाची १९६२ ही हेल्पलाइन आहे. मोठ्या तपासणीसाठी मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

आणि रस्त्यावरची कुत्री?

हा विषय घरापुरता राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी रस्त्यावर कुठेही कुत्र्यांना खायला घालायला मनाई केली आणि प्रत्येक प्रभागात त्यासाठी ठरावीक जागा करायला सांगितलं. प्रकरण दिल्ली परिसराचं होतं, पण न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्यात सामील करून घेतलं. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून भटकी कुत्री हटवायला सांगितलं.

या सगळ्या चर्चेत ‘कुठे खायला घालायचं’ यावर भांडण झालं. ‘काय खायला घालायचं’ यावर फारसं कुणी बोललं नाही. मांसाच्या दुकानामागे टाकलेली आतडी हीच अनेक ठिकाणी भटक्या कुत्र्यांची खरी खानावळ असते. तिथे टोळी जमते, आपसात भांडते, आणि त्याच रस्त्याने मुलं शाळेत जातात. २०२३ मध्ये महापालिका झालेल्या जालना शहराला उद्या खाण्याच्या जागा ठरवायच्या असतील, तर आधी मांसाच्या कचऱ्याची जागा ठरवावी लागेल. दुकानातला हा कचरा रोज उचलला गेला आणि कत्तलीतले अवयव उघड्यावर पडले नाहीत, तर टोळ्याही कमी होतील आणि हायडॅटिडचं चक्रही तुटेल.

कच्चं मांस देणारा माणूस वाईट नसतो. बहुतेकदा तो आपल्या कुत्र्यावर जीव टाकणारा असतो, म्हणूनच तो रील शेवटपर्यंत बघतो. पण रीलमध्ये कुत्रा दिसतो, त्याच्या मागचं गाव दिसत नाही. जालन्यात कुत्र्याच्या भांड्यापासून लेकराच्या ताटापर्यंतचं अंतर फार थोडं आहे. त्या अंतरात एक पातेलं आणि वीस मिनिटांची उकळी ठेवली, तर कुत्र्याचं काहीच कमी होत नाही आणि घराचं बरंच वाचतं.